पासलीच्या खाचरातली ट्यूबलाईट

शनिवार, नोव्हेंबरचा मध्य. हजर: मी शमीम, भोरमध्ये फोटो स्टुडिओ चालवते, सुनंदा, शाळेपासूनची मैत्रीण, बँकेतून नुकतीच निवृत्त, आणि अन्वरमामू, माझे धाकटे मामा, गाडी त्यांची आणि चालवणारेही तेच. गैरहजर: सुनंदाचे यजमान, कारण भातकापणी बघायला कुणी जातं का, असं त्यांचं मत. सोबत कॅमेरा, दोन लेन्स, पाणी, मामूंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, बसायला जुनी सतरंजी आणि पासलीच्या हौसाबाईंसाठी लिंबाचं लोणचं.

उजाडता उजाडता भोर सोडलं. कापूरव्होळला हायवेला लागलो, नसरापूरला चहा घेतला. सुनंदाचा शनिवारचा उपास, म्हणून तिनं शेंगदाण्याचे लाडू आणले होते. त्यातले निम्मे मामूंनी खाल्ले आणि उपास आपल्यालाच घडला म्हणाले.

चहा पिताना सुनंदानं नेहमीचा विषय काढला. स्पितीला कधी जायचं, माजुलीला कधी जायचं? माझी यादी तयार आहे, मोठी आहे, आणि त्यात डोंगरच्या डोंगर भाताच्या पायऱ्यांनी भरलेले पूर्वेकडचे देशसुद्धा आहेत. जायचं आहेच. पण दर वर्षी कापणी आली की मी वेल्ह्याच्या पुढे पासलीला, हौसाबाईंच्या शेतावर जाते. मागच्या हिवाळ्यात भोरमध्ये माझ्या फोटोंचं प्रदर्शन झालं, तेव्हा येणारा प्रत्येक जण विचारत होता, मॅडम, प्रेरणा कुठून मिळते? या प्रश्नाचा मला राग येतो. दिवसभर मी लोकांचे पासपोर्ट फोटो काढते. हनुवटी वर करा, कान दिसू द्या, असं सांगताना माणसाच्या चेहऱ्यात जे दिसतं, ते मी सुट्टीच्या दिवशी बाहेर शोधते. एसटीची वाट बघणाऱ्या बाईचा पिशवीवरचा हात. धुऊन पालथे घातलेले चहाचे ग्लास. याला प्रेरणा वगैरे म्हणायची गरज नाही. डोळे उघडे असले की झालं.

विंझरच्या अलीकडे मामूंनी गाडी हळू केली आणि म्हणाले, "शमीम, तुझी हौसाबाई बघ."

रस्त्याच्या कडेला, दुमजली घराएवढा फ्लेक्स. त्यावर हौसाबाई. हातात भाताच्या लोंब्या, तोंडभर हसू, मागं त्यांचं खाचर (बांध घालून पाणी साठवलेलं भाताचं शेत) आणि त्यावर मोठ्या अक्षरांत: "आजीच्या गावात तुमचं हक्काचं घर. एनए प्लॉट उपलब्ध." खाली एका प्रकल्पाचं नाव. ते मी लिहीत नाही, त्यांची जाहिरात त्यांची त्यांनी करावी.

फोटो माझा होता. मागच्या वर्षी कापणीत काढलेला, हौसाबाईंना विचारून काढलेला. त्यांच्या घरात तो भिंतीवर आहे आणि दुसरी प्रत फक्त त्या प्रदर्शनात होती, काचेच्या फ्रेममध्ये. पहिली गोष्ट, हौसाबाई कुणाच्या आजी नाहीत. त्यांना मूलबाळ नाही, यजमान वारले त्याला बरीच वर्षं झाली. दुसरी गोष्ट, फोटोत त्या कुणाला बोलावण्यासाठी हसत नव्हत्या. बांधावरून पाय घसरून मामू चिखलात बसले होते, त्यांना बघून हसत होत्या.

"ते हसू माझ्यावरचं आहे," मामू म्हणाले. "त्यावर प्लॉट विकतात म्हणजे काय?"

फ्लेक्सच्या मागे पत्र्याच्या डब्यात त्यांचं ऑफिस होतं. आत एक तरुण मॅनेजर, पांढरा शर्ट, कपाळावर गॉगल. मी कोण, फोटो कुणाचा, परवानगी कुणी दिली, हे तीन प्रश्न मी ओळीनं विचारले. तो म्हणाला, डिझायनरनं इंटरनेटवरून घेतला. मी त्याला बाहेर नेऊन फ्लेक्सखाली उभं केलं. आभाळाच्या जागी एक पांढरी आडवी पट्टी होती, आणि तिच्या दोन्ही टोकांना काळ्या टोप्या. ती प्रदर्शनाच्या हॉलमधली ट्यूबलाईट होती. कुणीतरी काचेवर मोबाईल धरून फोटोचा फोटो काढला होता आणि काचेत पडलेली ट्यूबसुद्धा सोबत नेली होती.

तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, तो सनरेज इफेक्ट आहे."

सुनंदा उभ्या आयुष्यात कुणाशी चढ्या आवाजात बोलली नाही. ती म्हणाली, सूर्याला होल्डर असतो का? फ्लेक्स उतरवा म्हटलं तर तो अधिकार पुण्याच्या ऑफिसला, आणि ते शनिवारी बंद. वर मला समजावू लागला की यात तुमचंच प्रमोशन होतंय, आणि हवं तर फार्महाऊसवर एक रात्र मोफत राहा. मी फ्लेक्सचे चार बाजूंनी फोटो काढले आणि निघाले. मामूंनी जाताना त्याला विचारलं, या जाहिरातीतली आजी कुठं राहते, माहीत आहे का? त्याला माहीत नव्हतं.

वेल्ह्यापर्यंत मी बोलत होते. चोरी, कायदा, वकील, नोटीस. तोरणा ढगात होता आणि ढग बरा नव्हता. अवकाळीची लक्षणं होती. मला त्या वेळी फक्त माझा फोटो चोरल्याचा राग होता, हे पासलीत पोचल्यावर कळलं.

पासलीत खाचरं उतारावर एकाखाली एक आहेत. सगळी कापून झाली होती. खालपासून वरपर्यंत नुसती बुडखी आणि उडव्या (कापलेल्या भाताचे रचलेले ढीग). फक्त सगळ्यात वरचं खाचर उभं होतं, पिकून वाकलेलं, दाणे गळायला लागलेलं. ते हौसाबाईंचं. आणि त्या एकट्या विळा घेऊन एका कोपऱ्यात बसल्या होत्या.

इकडे कापणी एकट्यानं करायची नसते. इर्जिक असते. आज एकाच्या शेतात सगळ्यांनी राबायचं, उद्या दुसऱ्याच्या, आणि ज्याचं शेत त्यानं जेवण घालायचं. हौसाबाई यंदा सगळ्यांच्या खाचरात राबल्या होत्या. शेवटी त्यांची पाळी आली तेव्हा तो फ्लेक्स लागला, आणि त्यांच्या खाचरात कुणी आलं नाही. त्यांनी दोन दिवस भाकऱ्या थापून ठेवल्या, आणि त्या वाया गेल्या.

"तुमी तरी सांगा," त्या मला म्हणाल्या. "म्या कुनाला जमीन इकली?"

गावाचा राग समजण्यासारखा होता. पाणी वरच्या खाचरातून बांधाच्या तोंडानं खालच्यात उतरतं, तिथून त्याच्या खालच्यात. वरचं खाचर विकलं, कुणी बुजवून सपाट केलं, की खालची सगळी कोरडी. बाईला मूल नाही, बोर्डावर हसतीये, म्हणजे विकलीच. सगळ्यात जास्त राग दिराचा, सोपानरावांचा, कारण त्यांचं खाचर लगेच खाली. त्यांनी बोलणंच सोडलं होतं.

मी हौसाबाईंच्या भिंतीवरचा फोटो काढून घेतला आणि आम्ही सोपानरावांच्या अंगणात गेलो. हौसाबाई आल्या नाहीत. अंगणात आणखी चारपाच माणसं जमली. मी भिंतीवरचा फोटो आणि मोबाईलवरचा फ्लेक्स शेजारी शेजारी धरले. सोपानरावांनी ती पांढरी पट्टी बराच वेळ बघितली.

"ही ट्यूब कुठली? आमच्या खाचरात कवा वायर न्हाई आली."

कुणीतरी हसलं. मी सांगितलं की हा फोटो भोरच्या हॉलमधून चोरलाय, हौसाबाईंना याचा पत्ता नव्हता, त्यांना कुणी विचारलंही नाही. सोपानरावांनी मान हलवली.

"फोटू चोरला, मान्य. पर म्हून जमीन इकली न्हाई, हे कशावरनं?"

याचं उत्तर आलं चुलीकडून, सोपानरावांच्या बायकोकडून, अनसूयाबाईंकडून. त्या भाकरी थापणं न थांबवता बोलल्या.

"तिच्या आढ्याला जाऊन बगा. लोंब्या बांधल्यात बियान्याच्या. इकनारी बाई म्होरल्या सालाचं बी कशाला राखंल?"

"तू कवा बगितल्यास?"

"काल. विरजान आनाय गेलते."

"आपलं बोलनं न्हाई तिच्याशी."

"तुमचं न्हाई. माजं दही लागाय नगं व्हय?"

कापणीआधी उभ्या पिकातल्या भरलेल्या लोंब्या निवडायच्या, जुडी बांधून आढ्याला टांगायची, तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. ही इथली रीत आहे. पण सोपानरावांनी बायकोच्या शब्दावर सोडलं नाही. ते उठून हौसाबाईंच्या घरी गेले, आम्ही मागोमाग. आढ्याच्या खाली उभं राहून त्यांनी जुडी हातात धरली, एक दाणा नखानं सोलून दातानं फोडला. मग ओसरीवरून विळा घेतला आणि खाचराकडे चालू लागले. माफीबिफी काही नाही.

हौसाबाई बसल्या होत्या तिथंच होत्या. सोपानराव बांधावर उभे राहिले.

"वयनी, कुठनं धरायचं? कोपऱ्यातनं का मदनं?"

"तुमच्या बांदाकडनं धरा," त्या वर न बघता म्हणाल्या. "तुमचं पानी हाय का गेलं, त्ये तरी दिसंल."

ते हसले नाहीत, पण तिथूनच धरलं. हळूहळू बाकीचे आले. ढग खाली येत होते, म्हणून कुणी बसलं नाही. सुनंदा पेंढ्या वाहू लागली. मामूंना बांधावर बसवलं, तरी ते दोनदा उतरले. मी काही फोटो काढले आणि मग कॅमेरा गाडीत ठेवला, कारण हातांची गरज होती. दुपारी अनसूयाबाईंनी तांदळाच्या भाकऱ्या, हुलग्याचं पिठलं आणि मिरचीचा खरडा आणला. लोणचं तिथंच संपलं. हौसाबाईंनी मला विचारलं, ते पूर्वेकडचे डोंगर, तुमी बगायला जानार ते, तितं पानी वरनं खालीच येतं ना? मी हो म्हटलं. मग तितंबी भांडनं आसत्याल, त्या म्हणाल्या.

खाचर कापून झालं, उडवी रचून तिच्यावर प्लॅस्टिक टाकलं, आणि पावसाचा थेंबही पडला नाही. सोपानराव मला म्हणाले, आमचाबी एक बोर्ड करा, त्याच रस्त्याला लावू: हितं खाचरं इकायची न्हाईत. सगळ्यांना पटलं. प्रत्येकानं आपापल्या बांधावर उभं राहायचं, खालून वर, पाण्याच्या ओळीनं. लोक उभे राहिलेसुद्धा, बायकांनी पदर सारखे केले. सगळ्यात वरचा बांध रिकामा.

हौसाबाई आल्या नाहीत. "म्या एका बोर्डावर हाय," त्या म्हणाल्या. "आदी त्यो खाली घ्या. मंग हुबी ऱ्हाते." सोपानरावांनी एकदा हाक मारली, मग ते स्वतःच बांधावरून उतरले. इतरही उतरले. वरचा बांध मोकळा ठेवून फोटो मी काढला नाही.

परतताना विंझरला पत्र्याचं ऑफिस बंद होतं. फ्लेक्सची दोरी कापायला मामू उतरलेच होते. रीतसर करू, म्हणून सुनंदानं त्यांना परत बसवलं. भोरला पोचेपर्यंत मी विचार करत होते की एका बाईचं हसू उचलायला मोबाईलचं एक बटण लागतं. आणि त्यापायी तिचं पिकलेलं शेत पणाला लागतं. चोरणाऱ्याला ती कुठं राहते हेही माहीत नसतं. माझ्या यादीतले लांबचे देश तिथंच आहेत, कुठं जात नाहीत.

सोमवारी पुण्याच्या ऑफिसला फोन केला. मेल करा म्हणाले. मेल केला. ग्रामपंचायतीत अर्ज दिला, पोच घेतली. वकिलांची नोटीस गेली. दर दोन दिवसांनी मी फोन करते आणि दर वेळी वेगळा माणूस माझं नाव विचारतो. काल मामू विंझरवरून आले. फ्लेक्स तिथंच आहे. तो उतरेपर्यंत पासलीत सगळे थांबले आहेत, आणि त्यांचा फोटो काढायचा राहिला आहे.