उंदरिणीचा चेहरा

पिंजऱ्यातली उंदरीण पाठीची कमान करून, डोळे बारीक करून बसली होती. आमच्या प्रयोगशाळेत तिचं पोट चिरून गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा आत भलत्याच जागी शिवला होता. प्लास्टिकमधून अन्नात उतरणारं, शरीराला स्त्रीचं संप्रेरकच वाटावं असं एक रसायन मी तिला रोज पाजत होते. त्यानं तो तुकडा फोफावतो का, ते बघायचं होतं. कधी फोफावतो, कधी नाही; छातीठोकपणे अजून कुणी सांगत नाही.

माझ्या पोटात मात्र तसाच तुकडा कुणी न शिवताच फोफावलाय. दर महिन्याला आतून बोथट सुरी फिरते, आतडी पिळली जातात, आणि मी गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडते. आई म्हणते, "लग्न झालं की थांबेल."

सर आले. पिंजऱ्यात वाकून बघताच कळवळले, "अहो, हिला किती दुखतंय! चेहरा बघा ना. आधी इंजेक्शन द्या."

आजही आत ती सुरी फिरत होती; टेबलाची कड धरून मी कशीबशी उठले आणि तिला इंजेक्शन दिलं. तिचा हेवा वाटला. तिचा चेहरा वाचायला इथे पगारी माणसं आहेत.

सर माझ्याकडे वळून हसले. "तुमचं काय, नेहमीचंच? गरम चहा घ्या, बरं वाटेल."

शिपायानं आणलेला वाफाळता चहा समोरच होता, पातळ प्लास्टिकच्या पिशवीत, गाठ मारलेला. हातातली सुई मी त्या पिशवीच्या पोटात खुपसली आणि टर्रकन खाली ओढली.