शिक्षा की सजा

पोस्टर छापणाऱ्याशी मी बराच वेळ घासाघीस केली. मजकूर तपासून द्यायचे पैसे तो वेगळे मागत होता. म्हटलं, लिहिता मला येतं, तू फक्त छाप. पानिपतच्या चादरी विकून मी दिल्लीत दुकान उभं केलं, ते असले फालतू पैसे न देताच.

वर ताईचा फोटो. खाली मी हिंदीत लिहिलेलं: ‘मेरी बहन के हत्यारे को शिक्षा दिलाने में मदद कीजिए. जिसने कुछ देखा हो, फोन करे.’

ताईचा खून झाला लक्ष्मीबाई नगरातल्या तिच्या सरकारी क्वार्टरमध्ये, भर संध्याकाळी. एवढी घरं, एवढ्या खिडक्या, आणि कुणी काही पाहिलं नाही! तो राग अजून माझ्या डोक्यात आहे. पोलिसांनी एकदा वर्तमानपत्रात आवाहन दिलं, मग फाइल कपाटात गेली. पुढे क्वार्टर पाडले, शेजारी पांगले. म्हणून मी पोस्टर सरोजिनी नगरच्या बाजारात लावले. स्वस्त कपड्यांसाठी तिथे सगळेच येतात.

पहिला फोन आला तो असा: “भाईसाब, हत्यारे को शिक्षा? स्कूल में दाखिला कराओगे क्या?” मागे कुणीतरी खिदळलं. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. फोन ठेवला तेव्हा उमगलं. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण.

मला दिल्लीत आणलं ताईने, हिंदी शिकवली तिनेच. रागावलो की मी हाच शब्द चुकायचो, आणि ती पोळी लाटता लाटता म्हणायची, “अरे बाबा, शिक्षा शाळेत मिळते. तुरुंगात मिळते ती सजा!” ती गेल्यापासून मला कुणी टोकलेलं नाही. दुकानातली माणसं घाबरतात.

काही दिवसांनी एका बाईंचा फोन आला. “मैं आपकी दीदी के सामने वाले क्वार्टर में रहती थी.”

“तो तब मुँह में दही जमा था?” मी ओरडलो.

त्या फोन आपटतील असं वाटलं. मग म्हणाल्या, “पुलिस से डर लगता था, भैया. अख़बार वाली अपील पढ़कर भी चुप रही. पर इस पोस्टर में शिक्षा लिखा है. दीदी हँस-हँसकर बताती थीं, मेरा भाई गुस्से में सज़ा को शिक्षा कहता है. समझ गई, ये पुलिस ने नहीं, भाई ने लिखा है.”

ताई माझ्याबद्दल परक्या घरात बोलायची, हसायची. मला हे ठाऊकच नव्हतं. मी हळू विचारलं, त्या दिवशी काय पाहिलंत?

त्या संध्याकाळी त्यांनी एका माणसाला घाईने जिना उतरताना पाहिलं होतं. ओळखीचा, ताईकडे चहाला येणारा. आम्ही दोघं ठाण्यात गेलो. त्यांनी जबाब दिला, सही केली. फाइल कपाटातून बाहेर आली.

फाटकाशी त्या रिक्षासाठी थांबल्या. मी मुद्दाम म्हणालो, “अब उसको शिक्षा होगी.”

आणि त्या टोकतील म्हणून वाट पाहिली.

“होगी, भैया,” त्या म्हणाल्या. “ज़रूर होगी.”