नऊ हजार सहाशेचा वेग

आईच्या दशक्रियेला तिचा सख्खा भाऊ येणार नव्हता, आणि त्याला कारण माझा प्रिंटर होता.

ही शहाण्णव सालची गोष्ट. ओतूरच्या घरी माझा टीव्हीला जोडायचा एक जुना कॉम्प्युटर होता आणि मराठी छापणारा सेकंडहँड प्रिंटर. घरच्यांच्या मते दोन्ही भंगार! एकटी आई तेवढी पदरानं रोज पुसायची. म्हणून तिच्या दशक्रियेची पत्रिका मीच छापणार, असा हट्ट धरला.

प्रिंटर सावकाश छापतो. त्याचं पोट, म्हणजे आलेला मजकूर साठवायची जागा, भरलं की तो कॉम्प्युटरला थांबायचा इशारा देतो. मेकॅनिकनं बजावलं होतं, "राव, मजकूर धाडायचा स्पीड तीनशेच ठेवा, अन् त्यो इशारा बंद करू नका." पण शंभर पत्रिका संध्याकाळच्या एसटीनं गावोगाव जायच्या होत्या. मी स्पीड नऊ हजार सहाशे केला आणि इशारा बंद! (प्रिंटरनं मालकाला थांबवायचं म्हणजे काय?) पहिली पत्रिका वाचली, बिनचूक. बाकीच्या कोण वाचत बसतंय!

दुसरीपासून प्रिंटरचं पोट भरलं आणि प्रत्येक पत्रिकेतून वेगवेगळ्या ओळी गळाल्या. पेठच्या आत्याच्या पत्रिकेत शोकाकुल मंडळींतून तिची पोरं गायब. बोरी बुद्रुकच्या मामांच्या पत्रिकेत तर खुद्द मामाच नव्हते! नवव्या दिवशी त्यांचा निरोप आला, "आमी कुणीच न्हाई, तर यायचं कशाला?"

दादा माझ्यावर उखडला. "आईचा सगळा जीव भावात व्हता. त्यांच्याबिगर कावळा शिवंल का? सकाळी जा अन् मामांना घेऊन ये!"

उजाडताच स्कूटरवरून बोरी गाठली. मामा ओट्यावर पाठ करून बसलेले.

"मामा, प्रिंटर थांब म्हणत होता, कॉम्प्युटरनं ऐकलं नाही."

"कॉम्प्युटर कुणाचा?"

"माझा."

"मंग ऐकंल कसा? माझी बहीण जन्मभर तुला हेच सांगत व्हती, बाबा, जरा दमानं घे."

मला रडू फुटलं. मग मामांनाही. डोळे पुसून त्यांनी टोपी घातली, मागं बसले आणि म्हणाले, "हळू चालव."

आईची शप्पथ, जन्मात पहिल्यांदा मी कुणाचं तरी ऐकलं. अर्ध्या तासाच्या वाटेला सव्वा तास लावला. घाटावर पोचलो, तर कावळा केव्हाच शिवून गेला होता!