इंजिनाचं गालगुंड

आमचे बाबा आसनगावच्या लायनीवर गँगमन होते. समोर दिवा दिसला की अवजारं उचलायची आणि रुळावरून बाजूला व्हायचं, इंजिनाशी त्यांची ओळख एवढीच. तरी मी जोडलेल्या वीतभर प्लास्टिकच्या इंजिनाला त्यांनी एकदा 'बरंय' म्हणावं, ही माझी पन्नाशीतली हाव. आजवर त्यांनी माझ्या कशालाच बरं म्हटलेलं नाही, बायको सोडून.

पहिल्यांदा मी इंजिनाच्या नाकात टॉर्चचा जुना बल्ब बसवला. दहा मिनिटांत नाक एका बाजूने सुजलं. बाबांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"याला गालगुंड झालंय रे. हळद लाव."

मी नाक नवं घातलं आणि एलईडी आणला. तो फारसा तापत नाही, तापतो त्याच्या तारेतला रेझिस्टर. म्हणून तो प्लास्टिकपासून लांब, खालच्या पत्र्यावर ठेवायचा ठरवला. तारांना सोल्डरचे डागही बाहेरच, फरशीच्या तुकड्यावर दिले. पण एकदा पोळलेला माणूस मी, आत बसवायचा धीर होईना.

बायको मुरबाडची. तिच्याकडे सगळ्यावर उपाय असतो.

"लोण्यावर ठेवून बघा. लोणी नाय वितळलं तर इंजिन कशाला वितळंल?"

मला पटलं. बशीत लोणी घेतलं, त्यावर दिवा आणि रेझिस्टर ठेवून सेल जोडला. थोड्या वेळात बशीत तेल. मी मोठा रेझिस्टर घातला. पुन्हा तेल. तीन दिवस घरातलं लोणी असंच माझ्या विज्ञानावर गेलं. चौथ्या दिवशी तिने दोन बश्या मांडल्या, एकीत दिवा, दुसरीत नुसतं लोणी. दोन्हींतलं वितळलं.

"अहो, मे महिना हाय," ती म्हणाली.

उपाय तिचाच होता, हे बोलायची सोय नव्हती. मी रेझिस्टरला बोट लावून पाहिलं. कोमटसुद्धा नव्हता. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं.

दिवेलागणीला बाबा ओटीवर पाय पसरून बसले होते. मी इंजिन त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवलं आणि बटण दाबलं. बाबा बघत राहिले. मी कान देऊन उभा.

"दिवा बारीक हाय," ते म्हणाले.

मी हिरमुसलो. इंजिन उचलायला वाकलो, तर पसरलेले दोन्ही पाय त्यांनी कधीच पोटाशी ओढून घेतले होते.