धूर न मारणारी गाडी

माझं लग्न झालं त्या वर्षी कापसाला भाव नव्हता. अळीनं बोंडं पोखरली होती, आणि जे काही वेचून जिनिंगवर नेलं ते व्यापारी चिमटीत धरून नाक मुरडत बाजूला टाकायचे. एका मालाचा भाव मात्र त्या वर्षीही उतरला नाही. तो माल म्हणजे मी. बारावी नापास, शेतात उन्हापेक्षा बांधावरच्या सावलीत जास्त, तरी माझ्यावर मोटारसायकल ठरली.

ठरवली आमच्या मोठेबाबांनी, म्हणजे वडलांच्या थोरल्या भावानं. बैठकीत म्हणाले, आमाले काही नको, पोराले फक्त एक गाडी द्या. आधीच्या पिढीत याच गोड सुरात बैलजोडी मागायचे. 'काही नको' म्हणून मागण्यात केळापूरकडे आमच्या खानदानाचा हात कोणी धरू शकत नसे.

सासऱ्यांचं मुकुटबनला लेथ मशीनचं दुकान होतं. मोटारपंपाचे शाफ्ट, बैलबंडीचे आस, जे मोडेल ते यांच्याकडे यायचं. नवी गाडी घ्यायची ऐपत नव्हती, तसं त्यांनी तोंडावर सांगितलं. मग एक वापरलेली टू-स्ट्रोक आणली, पुरी खोलली, स्वतःच्या हातानं पुन्हा बांधली आणि तांबडा रंग मारून मांडवात उभी केली. चावी देताना एवढंच बोलले की पेट्रोल टाकलं की त्यात मापानं तेल टाकायचं, विसरायचं नाही.

आता टू-स्ट्रोक म्हटली की तेल जळणार आणि धूर निघणारच. पण हे आमच्या गावाला कोण सांगेल? पानठेल्यावरची रिकामी मंडळी म्हणू लागली, सासऱ्यानं म्हातारी दिली वाट्टे, रस्त्यानं बिडी पेत जाते. माझं नाक कापलं गेलं. माझ्यापेक्षा जास्त मोठेबाबांचं. त्यांनी जन्मात बंडीशिवाय काही हाकलं नव्हतं, पण निदान लगेच केलं. तेलानं धूर होते, तर तेल बंद कर.

बायको चुलीपाशी होती. तिथूनच म्हणाली, तेलाशिवाय ते इंजिन जळते. लोखंडाच्या किसात खेळून मोठी झालेली पोरगी, पण आमच्या घरात तिला मशीनमधलं काय कळणार! मोठेबाबांनी तिला भाजीत तेल किती टाकते ते पाहायला सांगितलं. सगळे हसले. मीही हसलो.

तेल बंद केलं आणि काय सांगू, धूर खरंच गेला! मोठेबाबा मिशीवर हात फिरवत ठेल्यासमोर उभे राहायचे आणि मला दोनदा-दोनदा गाडी न्यायला लावायचे. मग एके दिवशी पांढरकवड्याच्या रस्त्यावर पोटातून खडखड सुरू झाली. मी आणखी रेस दिली, म्हणजे खडखड ऐकू येणार नाही. कडाड आवाज झाला, मागचं चाक जाम झालं आणि मी तुरीत जाऊन पडलो.

घरात निकाल तयारच होता. खोटी गाडी देऊन फसवलं. मोठेबाबांनी बायकोला सांगितलं, गाडी नीट झाली का तिच्यासंग तूही ये, तवरिक बापाजवळ राह्य. मेटाडोर केला. मागं गाडी दोरीनं बांधली, पुढं बायको बसली, आणि वडील, मोठेबाबा व मी न्याय मागायला निघालो. चूक कोणाची ते त्या मेटाडोरमध्ये दोनच माणसांना माहीत होतं. एक मी आणि दुसरी ती.

सासऱ्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, पोहे दिले, आणि आमच्या समोरच इंजिन खोललं. पिस्टनच्या वर-खाली होण्याचं ज्या दांड्यामुळे गोल फिरणं होतं तो क्रँक बाहेर काढला. बेअरिंगचा चुरा झाला होता. पिस्टनला क्रँकशी जोडणारा रॉड तुटला होता. आणि मधली पिन तापून तापून निळी पडली होती. त्यांनी आतून बोट फिरवून पाहिलं. बोट कोरडं निघालं. एक थेंब तेल नाही. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी पोह्याची बशी खाली ठेवली. आता हा माणूस बोलणार आणि माझी इज्जत त्या लोखंडाच्या किसात जाणार. त्यांनी मग दाराशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. पिन खिशात टाकली आणि मोठेबाबांना म्हणाले,

"रॉडच खराब होता. चूक माही हाये."

मोठेबाबा म्हणाले, आम्ही तं पहिलेच म्हणलं होतं. आणि पोहे आणखी मागवले.

ते दोघं गावी परतले, मी पाहुणचाराला थांबलो. लाज नावाची चीज आमच्या घरात कोणी शिकवली नव्हती. सासरे यष्टीनं यवतमाळला जाऊन नवा रॉड, पिन, बेअरिंग घेऊन आले. जॅकच्या प्रेसवर क्रँकचे दोन भाग दाबून बसवले. मग लेथवर धरून हळूहळू फिरवत आणि वाकडेपणा दाखवणाऱ्या डायलचा काटा पाहत पितळी हातोडीचा एक-एक टोला. काटा केसभर हलला की पुन्हा टोला. दिवसभर तेच. मी खुर्चीवर बसून चहा पेत होतो.

निघताना त्यांनी टाकीत तेल स्वतः टाकलं आणि एक बाटली लेकीच्या हातात दिली. अर्ध्या वाटेवर मागून ती म्हणाली,

"माह्या बाबानं मशीनबद्दल आजवर खोटं नाही सांगतलं. तुमच्यापायी सांगतलं."

गावात शिरलो तेव्हा गाडी मस्त निळा धूर सोडत होती. ठेल्यावर मोठेबाबा होतेच. त्यांनी हात करून थांबवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, पाहा, अजूनही धूर मारूनच राह्यली, बुढ्यानं पुन्हा फसवलं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. एक वाक्य बोलायचं होतं मला. फक्त एक.

मी म्हटलं, "हो ना."

ती गाडीवरून उतरली, तेलाची बाटली सीटवर ठेवली आणि पायी घराकडे निघाली.

ती गाडी पुढं नऊ वर्षं चालली. क्रँकला कोणाला हात लावावा लागला नाही. बायको तिच्यावर पुन्हा कधी बसली नाही.