पदरचं लिहायचं नाही

लातुरात नातवाला क्लासला सोडायला गेलो, तर दारातच झेरॉक्सच्या गरम कागदांचा वास आला. आत सर सांगत होते, "उत्तर उताऱ्यातच असतं. पदरचं लिहायचं नाही." हे वाक्य मीही एकेकाळी शिकवलं आहे.

भूकंपानंतर आमची शाळा पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. तिचं उद्घाटन दोनदा झालं. खडू मात्र मीच आणायचो. सातवीतली शमीम मामाकडे राहायची. तिच्या घरचं दुसरं कुणी उरलं नव्हतं. मामाने मला बजावलं होतं, "सर, स्कॉलरशिप मिळाली तर शाळा, न्हाई तर बस्स." म्हणून मी तिच्याकडून रोज एक उतारा सोडवून घ्यायचो.

त्या दिवशीचा उतारा एका सुखी कुटुंबाचा होता. शेवटचा प्रश्न होता, तुमच्या घरी कोण कोण आहे? आईला अम्मी म्हणणाऱ्या या पोरीने सुबक अक्षरात लिहिलं, 'माझ्या घरी आई, बाबा, आजी व दोन भाऊ आहेत.'

"शमीम, हे काय लिहिलंस?"

"उताऱ्यातलंच हाय की, सर. तुम्हीच म्हणला, पदरचं लिहायचं न्हाई."

लाल पेन कागदावर टेकून राहिलं, ठिपका पसरत गेला. परीक्षा आठवड्यावर आली होती. आता नियम मोडायला सांगितला तर ती गोंधळेल, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि बरोबरची खूण केली.

तिला स्कॉलरशिप मिळाली. कित्येक वर्षं ते मी माझं यश म्हणून सांगत आलो.

"आजोबा," नातू म्हणाला, "हात सोडा ना. क्लास सुरू झाला."