गेल्या सालची गाडी

महाडच्या शोरूममध्ये मी नव्या इलेक्ट्रिक गाडीची किल्ली घ्यायला गेलो, तेव्हा एक गृहस्थ कोपऱ्यातल्या गाडीभोवती फिरत होते. माझ्यासारखीच गाडी, तोच पांढरा रंग, फक्त मॉडेल गेल्या वर्षीचं. गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे पडून राहिलेलं.

माशाचा कल्ला उचलून बघावा तसं त्यांनी बॉनेट उचललं, आत डोकावून वासही घेतला.

"काका, आता नवीन मॉडेल आलंय," सेल्समन म्हणाला.

"म्हनून तर आज आलो. बाजार उठायच्या टायमाला मासळी सस्त होते. ही तर नासनारी पन नाय."

सेल्समनने भाव उतरवला.

"आनि वर काय?"

त्याने पायपुसण्या दिल्या. काका तसेच उभे राहिले. मग त्याने सीटकव्हरंही दिली. काकांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसलं आणि व्यवहार झाला.

मग ते माझ्याकडे वळले. "तुमच्या नव्या गाडीत जास्त काय हाय?"

"छप्पर उघडतं," मी जरा ऐटीत सांगितलं.

त्यांनी वाकून खिडकीतून माझ्या गाडीचं छप्पर पाहिलं. चेहऱ्यावर काळजी होती, थट्टा अजिबात नव्हती.

"आमच्या कुडपन गावात दर मे महिन्यात, पावसाच्या आदी, मानसं छपरावर चढतात," ते म्हणाले. "बंद करायला."

आणि ते पोलादपूरच्या दिशेने निघून गेले.

घरी बायकोने विचारलं, "गेल्या सालची स्वस्तात मिळत होती ना? मग हीच का घेतली?"

मी म्हणालो, "मला रंग आवडला."